अकरा फरशांची वाट

पाण्यात अॅसिड. अॅसिडमध्ये पाणी नाही.

पुण्यात सातव्या मजल्यावर लिफ्टच्या बटणांवर उठावाचे ठिपके आहेत. महांतेशनं त्यांचा फोटो पाठवला. ठिपक्यांचा फोटो.

अणदूरहून आणलेली भंडाऱ्याची पुडी पिशवीत फुटली. शिवणीतला पिवळा रंग निघत नाही.

गोरोबा गवंडी म्हणाला होता, "दगडाला काय कळतंय, साहेब."

जास्वंदीचं फूल खुडताना देठाला चाचपावं लागतं, पाकळीला नाही.

डुलणारी वस्तू दिसली की तिच्याखाली काहीतरी सरकवायचं. कागदाची घडी, काडेपेटी. माणसाचा हात आपोआप जातो.

महादेवी थांबली आहे.

सकाळचे साडेसहा. सिद्धलिंग मागच्या दारात उभा आहे, आत गॅसवर चहा चढतो आहे, आणि समोर बागेत त्याची बायको आंघोळ करून, ओल्या केसांवर पदर घेऊन, डाव्या हातात फुलांची परडी धरून चौथ्या फरशीवर थांबली आहे. मागच्या दारापासून जास्वंदीपर्यंत अकरा शहाबादी फरशा आहेत, चौथीनंतर वाट डावीकडं वळते, कारण समोर पाण्याचा हौद येतो. ती इथं कधीच थांबत नाही. दोन वर्षं झाली, काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांत उजेड आणि अंधार यांच्यातला फरक तेवढा ठेवला आहे, पण या वाटेवर ती तरीही थांबत नाही. अनवाणी जाते, वळते, जास्वंदीची चार, कण्हेरीची दोन फुलं, बेलाची पानं घेऊन परत येते आणि हातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते. त्या पाच मिनिटांत सिद्धलिंग चहा करतो. पाच मिनिटं हे त्याचं माप आहे: पाणी उकळतं, साखर विरघळते, दूध वर येतं आणि पायरीवर तिचा पाय वाजतो. आज दूध वर आलं आहे, त्याला मागं चर्र असा आवाज ऐकू येतो, ते उतू गेलं आहे, आणि तो वळत नाही. ती एक पाय पुढं टाकते, टेकवत नाही, परत घेते. तळपाय फरशीवर घासते. परत घासते. एखादी बाई दुकानात कापड बोटांत धरून चुरडून बघते, तशी.

काही झालेलं नाही, तो स्वतःला सांगतो. काल संध्याकाळी ती अणदूरहून आली, भावाच्या नातवाचं बारसं होतं, चार दिवस तिकडं होती, पायांना तिकडची सवय लागली असेल. चार दिवसांत सवय लागते का? त्यालाच चार दिवसांत लागली होती, ब्रशची. तारेचा ब्रश, खुरपं, छिन्नी, बादली, आणि निळ्या झाकणाची ती बाटली. बोटांच्या पेरांवरची कातडी अजून पांढरी आहे. काल जेवताना तिनं त्याच्या हातातून ताट घेतलं तेव्हा तिची बोटं त्या पेरांवरून गेली आणि थोडी रेंगाळली. "हात खरखरीत झालाय," ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, "बागेत काम केलं जरा." तिला सकाळी कळावं असं वाटत होतं त्याला. पाय ठेवावा आणि लख्ख वाटावं. लख्ख हा शब्द डोक्यात आला होता हे त्याला आता आठवतं आहे आणि कानशिलं गरम होत आहेत.

दोन महिन्यांपूर्वी हौद गळायला लागला म्हणून गोरोबाला बोलावलं. गोरोबानं माल कालवायला जागा बघितली, आणि तयार सपाट दगड समोर असताना गवंडी पाटी शोधत नाही; तिसऱ्या-चौथ्या फरशीवरच त्यानं वाळू ओतली, मधे आळं केलं, पाणी सोडलं. सिद्धलिंग म्हणाला, "अहो, फरशीवर?" गोरोबा फावडं न थांबवता म्हणाला, "म्या धुऊन देतो की." धुतलं नाही. आतून गिलावा झाला, हौद गळायचा थांबला, आणि वाटेवर सिमेंट वाळलं: कुठं पातळ साय, कुठं थापीतून निसटलेले गोळे, चौथीच्या डाव्या कडेला अंगठ्याएवढा एक टणक खडा. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवीची करंगळी त्या खड्यावर आपटली. रक्त आलं. हळद लावताना सिद्धलिंग गोरोबाच्या सात पिढ्या काढत होता, आणि ती म्हणाली, "असू द्या." असू द्या हे ती मीठ जास्त झालं तरी म्हणते, बस चुकली तरी म्हणते, डॉक्टरांनी सोलापूरला डाव्या डोळ्याचं सांगितलं तेव्हा खुर्चीतून उठतानाही तेच म्हणाली होती. त्यानं ते असं ऐकलं की बिचारी सोसते आहे. आठवड्यानं तिला ठेच लागायची थांबली. का थांबली, हे त्यानं विचारलं नाही. चहा उकळत होता.

मग महांतेशचा व्हिडिओ कॉल. सिद्धलिंग बाग दाखवत होता, गोकर्ण बघ, बेलाला किती फुटवे आलेत बघ, आणि मुलाचा आवाज एकदम चढला, "अप्पा, थांबा, मागं घ्या. खाली दाखवा. हे काय? अव्वा पडेल की इथं! खडबडीत झालंय सगळं. तुम्हाला दिसत कसं न्हाय?" दिसत कसं न्हाय. मग नेहमीचं: इथं या, इथं लिफ्ट आहे, खाली बाग आहे, आंधळ्यांसाठी वेगळा ट्रॅक आहे, सगळं सपाट आहे. रविवारी येतो, बघतो, आणि मग ठरवू. पुण्याला जायचं की नाही याचा निकाल मुळात महादेवीनं देऊन ठेवला होता, गेल्या दिवाळीत, मुलगा-सून समोर बसलेले असताना. "माझी फुलं मी आणते तोवर मी हितून हलत न्हाय. ज्या दिवशी फुलं ह्यांना आणावी लागतील, त्या दिवशी बॅगा भरा. तोंडातनं चकार शब्द काढणार न्हाय मी." सून हसली होती. महांतेश हसला नव्हता. सिद्धलिंग त्या वेळी कुणाकडं बघत होता? टीव्हीकडं. टीव्ही बंद होता.

म्हणून त्यानं चार दिवस घासलं. आधी छिन्नीनं गोळे उडवले, आडवी धरून, हलक्या हातानं. चौथीवरचा खडा सगळ्यात शेवटी निघाला, तीन घाव घातले, चौथ्याला तो अख्खा उडून कण्हेरीत गेला आणि सिद्धलिंगला उगाच बोर पाडल्यासारखा आनंद झाला. सायीसारखं जे पातळ होतं ते मात्र ब्रशला दाद देईना. मग बाटली. बासष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर, पोरं मामा म्हणायची, आणि दर जुलैला अकरावीच्या नव्या पोरांपुढं सर शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवायचे आणि म्हणायचे, मामा, सोडा थेंब. मामा थेंब सोडायचे. फस्स. "बघा, दगड खातंय ते. चुनखडी आहे ही." चौतीस जुलै तो एकच तुकडा, शेवटी त्याला वाळवी लागल्यासारखी भोकं पडली होती, तरी फेकला नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. धाराशिवात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसेल की सिमेंट खाणारं अॅसिड शहाबादीलाही खातं. त्यानं बादलीत पाणी घेतलं, त्यात अॅसिड सोडलं, कापडानं सिमेंटवर लावलं, फेस आला, चाळीस मोजले, पाणी ओतलं, वर खायचा सोडा. सगळं नीट. सिमेंट गेलं. त्या जागी फरशीवर पांढुरका डाग राहिला, गुळगुळीत निळसर दगडात कोड उठल्यासारखा, आणि बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. तिथं थांबता आलं असतं. पण एक डाग म्हटल्यावर बाकीची फरशी मळकट दिसायला लागली. म्हणून ती अख्खी धुतली. मग तिसरी. मग तिसरी आणि चौथी उजळ आणि बाकीच्या जुन्या, हे फार वाईट दिसत होतं. बाटली संपली, दुसरी आणली. चौथ्या दिवशी दुपारी अकराच्या अकरा फरशा एका रंगाच्या झाल्या. गच्चीवरून शेजारच्या मथुराबाई ओरडल्या, "मास्तर, संगमरवर बसवला का काय!" त्या त्याला मास्तरच म्हणतात, ईट गावच्या आहेत, तिकडं कॉलेजात जाणारा माणूस मास्तरच. त्याला बरं वाटलं. आणि हात शिवशिवत होतेच, म्हणून त्यानं तिसरी फरशी, जी कधीपासून डुलत होती, ती पहारीनं उचलून खाली वाळू भरली. सहावीत एक खळगा होता, पाणी साचायचं. तो पांढऱ्या सिमेंटनं भरून घोटून सपाट केला.

आता ती अजून उभी आहे. उन्हाची तिरीप तिच्या पाठीवर आली आहे. इतका वेळ कुणी उभं राहत नाही.

हाक मारावी की नको? हाक मारली तर ती वळेल, आणि वळली तर तोंड कुठल्या दिशेला होतं ते विसरेल. हे त्याला कसं माहीत? स्वयंपाकघरात एकदा त्यानं मधेच हाक मारली होती आणि ती फ्रीजला देव समजून हात जोडून उभी राहिली होती. मग दोघं हसले, ती जास्त हसली. अणदूरला तिच्या आईचेही डोळे असेच गेले होते. लग्न झालं तेव्हा सासूबाई पूर्ण आंधळ्या होत्या. मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत दावं बांधलेलं होतं, ते धरून जायच्या, आणि पोरं ते दावं सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधायची. महादेवी एवढंच म्हणायची की मला दावं नको. केव्हा म्हणायची? डोळे बिघडायच्या आधी की नंतर? त्याला आठवत नाही. त्याला एवढंच आठवतं की सात वर्षांपूर्वी या फरशा घ्यायला ती वखारीत स्वतः आली होती, चपला बाजूला काढून एकेका फरशीवर उभी राहत होती, आणि दुकानदार सिद्धलिंगच्या कानाशी म्हणाला होता, "बाईसाहेब फरशी घेतायत की वजन करतायत?" त्याला लाज वाटली होती. तो रस्त्याकडं बघत उभा राहिला होता. तिनं सारख्या फरशा घेतल्या नाहीत. एक जाड, एक पातळ, एकीला खळगा. तो म्हणाला, अगं, एकसारख्या घे की. ती म्हणाली, असू द्या.

"अहो."

"हां."

"मी कुठं आहे?"

"चौथ्या फरशीवर."

"ही चौथी?"

"चौथीच. मी मोजली ना."

"मी बी मोजली. पाय न्हाय म्हणतोय." ती पुन्हा तळपाय घासते. "तिसरी का डुलली न्हाय?"

"खाली वाळू भरली. पाय सटकला असता तुझा."

"सात वर्षं डुलतीय. सटकला का?"

तो पायरीवरून एक पाय खाली ठेवतो. पायात चप्पल आहे. गच्चीवर मथुराबाई शेंगा वाळत घालायला आल्या आहेत. पत्र्याच्या डब्याचा आवाज थांबतो.

"महादेवीबाई, का थांबलाव ओ? सापबिप हाय का काय?"

"साप असता तर बरं झालं असतं," महादेवी मान न वळवता म्हणते. "ओळखला तरी असता." आणि मग खाली, त्याला, "खडा कुठं गेला?"

"कुठला खडा?"

"सिमेंटचा. करंगळीला लागायचा. तो लागला की डावीकडं वळायचं असतंय."

चहाचा जळका वास दारापर्यंत आला आहे. सिद्धलिंग म्हणतो, "काढला. सगळंच काढलं. स्वच्छ केलं सगळं, चार दिवस घासलं. महांतेश येणार रविवारी, तो म्हणत होता अव्वा पडेल."

"खडा लागला की मला कळायचं पुढं हौद आहे. सहावीत गार लागलं की हात वर करायचा, कण्हेर. ती बी भरली असेल तुम्ही."

तो दुसरा पायही खाली ठेवतो.

"भरली का?"

"सपाट केली."

"कुणासाठी केलंव हे सगळं?"

"तुझ्यासाठी."

"मला दिसतंय का?"

मथुराबाईंना राहवत नाही. "डावीकडं घ्या बाई, डावीकडं! अजून. न्हाय, न्हाय, माझ्या डावीकडं!" सिद्धलिंग म्हणतो, "उजवा पाय मागं घे." मथुराबाई म्हणतात, "मागं कशाला, पुढं!" महादेवी दोन्ही आवाजांच्या मधे मान हलवते, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि एकदम जोरात म्हणते, "गप बसा दोघं बी!" आणि पाय टाकते. सरळ. नडगी हौदाच्या काठावर आपटते, ती पुढं वाकते, दोन्ही हात काठावर टेकतात, परडी पाण्यात पडते. महादेवी पडत नाही. फक्त वाकून उभी राहते, हौदात चेहरा बघत असल्यासारखी. परडी पाण्यावर गोल फिरत राहते.

तो धावतो तेव्हा त्याला कळतं की या वाटेवरून तो कधी धावलेला नाही. तिच्या मागं येऊन तो थांबतो, हात लावत नाही. डोक्यात एक गोष्ट उभी राहते आणि खाली बसत नाही: हाताला माहीत होतं. चौतीस जुलै. दिवाळीत ती बॅगांचं बोलली तेव्हा आपण बंद टीव्हीकडं का बघत होतो? दर सकाळी पाच मिनिटं दारात उभं राहून आपण चहा करत होतो की वाट बघत होतो? रात्री ती संडासला उठली की आपण जागे असतो आणि झोपेचं सोंग घेतो, कारण एकदा हात धरला की रोज धरावा लागेल. पुण्यात सून आहे, मुलगा आहे, ठिपक्यांची बटणं आहेत. हे त्यानं कधी मनात वाक्य करून म्हटलेलं नाही. अॅसिडचा फेस बघताना चाळीस मोजायचे होते. पहिल्या डागानंतर त्यानं साठ मोजले होते. एका फरशीला शंभर.

"लागलं का?"

"न्हाय."

"मी परत टाकतो सिमेंट. गोरोबाला आजच बोलावतो. चौथीवर खडा करतो, तिसरीखालची वाळू काढतो. होतं तसं करतो सगळं."

"होतं तसं?" ती सरळ होते. चेहरा त्याच्याकडं आहे, थोडा बाजूला, त्याच्या खांद्यापलीकडं. "कसं होतं ते तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

रागानं म्हणत नाही. रागानं म्हटलं असतं तर त्यानंही काहीतरी म्हटलं असतं, चार दिवस कंबर मोडली, हाताची सालं निघाली, एवढं घासून वर हे. ते सगळं तोंडात तयार आहे. मथुराबाई गच्चीवरून दिसेनाशा झाल्या आहेत. डबा वाजत नाही. महादेवी हात पुढं करते, हवेत. त्याला क्षणभर समजत नाही हा हात कशासाठी आहे. मग तो आपला कोपर तिच्या हाताखाली धरतो आणि ती तो पकडते. घरात धरते, बाजारात धरते, दवाखान्यात धरते. बागेत तिनं कधी धरला नव्हता. चार फरशा दोघं परत येतात. तो मोजतो. ती मोजत नाही, हे त्याला तिच्या चालीवरून कळतं.

पायरीवर ती त्याचा कोपर सोडते आणि चौकटीला धरते. "फुलं तुम्हीच आणा," ती म्हणते.

आज, असं म्हणत नाही. तो तिथं उभा राहून त्या शब्दाची वाट बघतो. ती आत जाते, भिंतीला हात लावत, देवघराकडं.

तो चप्पल काढतो. पहिली फरशी खरखरीत. दुसरी खरखरीत. तिसरी हलत नाही. चौथी, पाचवी, सहावी. त्याचे पाय नवे आहेत, त्यांना काहीच सांगता येत नाही, फक्त सगळीकडं सारखंच टोचतं. तो हौदातून परडी काढतो, पाणी निथळू देतो. जास्वंदीची चार फुलं खुडायला त्याला फार वेळ लागतो. एका फुलाची पाकळी फाटते. तो ते टाकत नाही, टाकलं तर तीन होतील, आणि झाडावर आज चारच उमललेली आहेत.

पूजा झाल्यावर ती कपाळावर तीन बोटं विभूती ओढते, लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घालते, आणि म्हणते, "महांतेशला फोन लावा. रविवारी गाडी मोठी आण म्हणावं."

सात वर्षांपूर्वी, फरशा बसवल्या त्या मे महिन्यात, सिद्धलिंग परीक्षांच्या कामाला कॉलेजात गेला की महादेवी डोळ्यांवर पदर घट्ट बांधून या वाटेनं जास्वंदीपर्यंत जायची आणि परत यायची, दिवसाला वीस-वीस वेळा. मथुराबाईंनी गच्चीवरून ते बघितलं होतं. तेव्हा तिला पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येत होती.